डुकरांच्या खाद्यात प्रथिने किती? शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

वराहखाद्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांचा रोख एकच आहे: प्रथिनांचे प्रमाण किती ठेवायचे, आणि वाढवले तर जनावर लवकर तयार होईल का. सारखे प्रश्न एकत्र घेतले आहेत. आकडे यॉर्कशायर, लँड्रेस आणि त्यांच्या संकरित डुकरांसाठी आहेत. देशी जनावरांबद्दल जिथे वेगळे सांगायचे आहे तिथे तसे लिहिले आहे.

प्रश्न (कुडाळ, जि. सिंधुदुर्ग): ७० किलोच्या पुढची डुकरे लवकर विक्रीला यावीत म्हणून १६ टक्क्यांऐवजी २२ टक्के प्रथिनांचे खाद्य सुरू केले. महिना झाला, वजनात फरक नाही. गोठ्यात डोळे चुरचुरतात, डुकरे पाणी खूप पितात आणि शेण पातळ झाले आहे. खाद्य खराब आहे का?

खाद्य खराब नसावे, ते तुमच्या जनावराच्या वयाला लागू नाही. डुक्कर रोज किती मांस चढवू शकते याची मर्यादा जात, वय आणि खाल्लेली ऊर्जा यांवर ठरते. त्या मर्यादेला पुरतील एवढी प्रथिने मिळाली की वरची प्रथिने शरीर साठवून ठेवू शकत नाही. यकृत त्यातला नत्र काढून त्याचा युरिया करते आणि तो लघवीवाटे बाहेर टाकते. युरिया बाहेर टाकायला पाणी लागते, म्हणून डुकरे जास्त पितात, जास्त मुततात आणि जमीन ओली राहते. शेणातल्या जंतूंचे एक विकर (एन्झाइम) या युरियाचा लगेच अमोनिया करते, डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. माणसाच्या डोळ्यांना झोंबतो तो अमोनिया जमिनीलगत नाक असलेल्या डुकराला आधी आणि जास्त लागतो. त्याने श्वासनलिका हुळहुळी होऊन खोकला लागतो, खाणे घटते, आणि वाढ होण्याऐवजी कमी होते.

जादा प्रथिने मोडून बाहेर टाकण्यातही ऊर्जा खर्च होते. चरबी किंचित कमी बसते हे खरे, पण विक्री जिवंत वजनावर होत असेल तर त्याचे पैसे कोणी देत नाही. प्रथिनांचे प्रमाण एक टक्क्याने कमी केले आणि अमिनो आम्लांचा (प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांचा) तोल सांभाळला, तर मलमूत्रातून जाणारा नत्र साधारण ८ ते १० टक्क्यांनी घटतो. दुर्गंधीवरून शेजाऱ्यांच्या तक्रारी येत असतील तर फवाऱ्यांवर आणि औषधांवर पैसे घालण्याआधी खाद्याच्या पोत्यावरचा आकडा बघावा.

वजनानुसार प्रमाण असे ठेवा. १० ते २० किलोपर्यंत १९–२० टक्के प्रथिने व सुमारे १.२५ टक्के लायसिन (हे एक अमिनो आम्ल). २० ते ५० किलोपर्यंत १७–१८ टक्के व १.० टक्के लायसिन. ५० ते ८० किलोपर्यंत १५–१६ टक्के व ०.८५ टक्के लायसिन. ८० च्या पुढे १३.५ ते १४.५ टक्के व ०.७ ते ०.७५ टक्के लायसिन. भारतीय मानक ब्युरोच्या वराहखाद्य मानकात पिल्ले, वाढीची डुकरे आणि शेवटचा टप्पा यांसाठी अनुक्रमे २०, १८ व १६ टक्के प्रथिने धरली आहेत. तयार खाद्य घेणाऱ्याने तेवढे पाळले तरी चालते. शेवटच्या टप्प्यात आकडा १६ च्या खाली आणायचा तर लायसिन मोजून घालावे लागते. ते कसे, ते पुढच्या उत्तरात.

तुमच्या ७० किलोच्या डुकरांना घरी बनवता येईल असे १०० किलो खाद्य: मका भरडा ६६ किलो, गव्हाचा कोंडा १४, सोयाबीन पेंड (डीओसी, म्हणजे तेल काढलेली) १७, खनिज मिश्रण व जीवनसत्त्वे मिळून २.३५, मीठ अर्धा किलो, लायसिन १५० ग्रॅम. प्रथिने साधारण १५.५ टक्के येतात. डुकरे ८० किलो ओलांडली की मका ७०, कोंडा १५, पेंड १२ करा, बाकी तसेच. बदल एका दिवसात करू नका. जुने-नवे मिसळत आठवडाभरात पूर्ण नव्यावर आणा. कोकणात मका महाग पडत असेल तर मक्याच्या जागी तांदळाची कणी निम्म्यापर्यंत चालते, प्रथिनांचा हिशेब फारसा हलत नाही.

प्रश्न (बार्शी, जि. सोलापूर): शेंगदाणा पेंड घरची आहे. मका, कोंडा आणि पेंड मिसळून १८ टक्के प्रथिनांचे खाद्य करतो, प्रयोगशाळेचा अहवालही १८ टक्केच आला. तरी २५–३० किलोची पिल्ले रेंगाळतात, पाठीवर चरबी मात्र दिसते. प्रथिने २० टक्के करू का?

करू नका. अहवाल बरोबर आहे, पण तो तुम्हाला हवे ते सांगत नाही. प्रयोगशाळा नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. येणाऱ्या आकड्याला कच्ची प्रथिने म्हणतात. डुकराला मात्र प्रथिनांतली अमिनो आम्ले ठरावीक प्रमाणात लागतात. मका-कोंड्यावर आधारलेल्या खाद्यात सगळ्यात आधी जे कमी पडते ते लायसिन. ते जेवढे असेल तेवढेच मांस चढते, बाकीची अमिनो आम्ले कितीही असली तरी फुकट जातात.

हिशेब मांडून बघू. ६० किलो मका, १४ किलो गव्हाचा कोंडा आणि २३ किलो पेंड. मक्यात लायसिन साधारण ०.२५ टक्के, कोंड्यात ०.६ टक्के असते. सोयाबीन पेंडीत २.८ टक्क्यांच्या आसपास, तर शेंगदाणा पेंडीत जेमतेम दीड टक्का. दोन्ही पेंडींत कच्ची प्रथिने ४५ टक्के धरली तर दोन्ही खाद्यांत साडेसतरा-अठरा टक्के प्रथिने येतात. पण सोयाबीनच्या खाद्यात लायसिन ०.८८ टक्के आणि शेंगदाण्याच्या खाद्यात ०.५८ टक्के. तीस किलोच्या पिल्लाला लागते १ टक्का. म्हणजे अहवालात १८ टक्के आणि पिल्लाच्या पोटात ऐंशी किलोच्या डुकरालाही न पुरणारे लायसिन. मांस चढत नाही म्हणून उरलेली ऊर्जा चरबीत जाते, पाठीवर दिसते ती हीच चरबी.

शेंगदाणा पेंड टाकून द्यायची गरज नाही. ती निम्म्यावर आणा: सोयाबीन पेंड १२ किलो, शेंगदाणा पेंड ११ किलो, मका ६०, कोंडा १४, खनिज मिश्रण २, मीठ अर्धा किलो. त्यात लायसिन ३५० ग्रॅम, थ्रिओनिन ८० ग्रॅम, मिथिओनिन ५० ग्रॅम. एकूण लायसिन १ टक्क्यावर येते. थ्रिओनिन आणि मिथिओनिन टाळू नका, हीही अमिनो आम्लेच आहेत. लायसिनची उणीव भरून काढली की पुढची उणीव या दोघांची असते, आणि मग लायसिनवरचे पैसेही वाया जातात. सगळी पेंड सोयाबीनचीच वापरणार असाल तर १०० किलोला फक्त लायसिन २०० ग्रॅम पुरे. थ्रिओनिन-मिथिओनिनशिवाय त्याच्या पुढे जाऊ नका.

बाजारात मिळते ते लायसिन हायड्रोक्लोराइड. त्याच्या १ किलोत प्रत्यक्ष लायसिन ७८८ ग्रॅम असते. सोयाबीन पेंडीचा भाव चढला की उपयोगी पडणारा एक हिशेब लक्षात ठेवा: १५० ग्रॅम लायसिन आणि ४.८५ किलो मका मिळून ५ किलो सोयाबीन पेंडीची जागा घेतात. दोन्हींची किंमत मांडा आणि स्वस्त पडेल ते करा.

ग्रॅममध्ये मोजायची वस्तू १०० किलोच्या ढिगावर नुसती भुरभुरू नका, एका घमेल्यात सगळी जाते आणि दुसऱ्यात काहीच नाही. आधी २ किलो बारीक मका भरड्यात लायसिन, थ्रिओनिन आणि मिथिओनिन मिसळा, मग ते १० किलोत, मग उरलेल्या ढिगात. फावड्याने ढीग तीन वेळा इकडून तिकडे उलटा. मोजायला भाजीचा काटा चालत नाही, ५ ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या.

घरच्या शेंगदाणा पेंडीचा दुसरा धोका बुरशीचा. पेंड ओलसर जागेत राहिली तर अफ्लाटॉक्सिन तयार होते. ते यकृतावर बसते, पिल्ले खात नाहीत, वाढ थांबते, आणि हे सारे प्रथिने कमी पडल्यासारखेच दिसते. वास कुबट असेल किंवा गोळे बांधले असतील तर ती पेंड डुकरांना घालूच नका. वाळवून बुरशी दिसेनाशी झाली तरी विष तसेच राहते.

प्रश्न (सांगे, गोवा): दूध तोडल्यावर पिल्लांना चांगल्या वाढीसाठी २४ टक्के प्रथिनांचे सोयाबीनयुक्त खाद्य दिले. चौथ्या-पाचव्या दिवशी हगवण लागली. जंतांचे औषध दिले, फरक नाही.

दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात जास्त प्रथिने हेच हगवणीचे मोठे कारण असते. पिल्लाच्या पोटात आम्ल अजून कमी तयार होते, आणि आईच्या दुधातल्या साखरेपासून आम्ल तयार करणारे जंतूही दूध तुटल्यावर कमी होतात. वरून जास्त प्रथिने आणि चुना घातलेले खाद्य गेले की असलेले आम्लही बांधले जाते. सोयाबीनची प्रथिने अर्धवट पचून मोठ्या आतड्यात पोहोचतात, तिथे सडतात, आणि ई. कोलाय जंतूंना आयते खाद्य मिळते. कोवळ्या आतड्याला सोयाबीनमधल्या काही प्रथिनांचे वावडेही असते. म्हणूनच आईजवळ असतानाच थोडे थोडे कोरडे खाद्य चाखायला लावणे हा खरा उपाय. सातव्या ते दहाव्या दिवसापासून उथळ पसरट भांड्यात मूठभर ठेवा, रोज बदला. शिळे राहिलेले आईला घाला.

आत्ता हे करा. हगवण असेतोवर खाद्य निम्म्यावर आणा, दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या. स्वच्छ पाणी सतत हवे, त्यात इलेक्ट्रोलाइट द्या. मग प्रथिने १८–१९ टक्क्यांवर ठेवून दोन आठवडे काढा. १०० किलोचे मिश्रण असे: मका ६२ किलो, गव्हाचा कोंडा ५, सोयाबीन पेंड १६, नीट भाजलेले अख्खे सोयाबीन दळून ६, चांगल्या प्रतीची फिशमील ५, स्किम्ड दूध पावडर ३, खनिज मिश्रण व जीवनसत्त्वे २.४, मीठ २०० ग्रॅम, लायसिन ३०० ग्रॅम, थ्रिओनिन १०० ग्रॅम. यात प्रथिने १९ टक्के आणि लायसिन सव्वा टक्क्याच्या पुढे येते, म्हणजे वाढ थांबत नाही.

घरचे सोयाबीन कच्चे दळून घालणे ही नेहमीची चूक. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारा घटक असतो. त्यामुळे सोयाबीनचीच नव्हे, तर खाद्यातली बाकीची प्रथिनेही पचत नाहीत. भाजताना दाणा आतपर्यंत भाजला पाहिजे, फोडल्यावर कच्चा वास येता कामा नये. उलट, काळपट होईपर्यंत भाजले तर लायसिन साखरेशी बांधले जाते आणि डुकराला मिळत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र कच्चा, भाजलेला आणि करपलेला, तिन्ही दाण्यांची कच्ची प्रथिने सारखीच येतात.

शेणात रक्त, ताप, पापण्यांवर सूज किंवा लडखडत चालणे, यांपैकी काहीही दिसले तर खाद्यात बदल करत बसू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.

याच पत्रात देशी डुकरांबद्दलही विचारले आहे. गोव्यातली आगोंदा गोवन ही नोंदणीकृत देशी जात आहे. तिची आणि एकूणच देशी जनावरांची रोजची मांसवाढ संकरितांपेक्षा कमी असते, म्हणून प्रत्येक टप्प्यात प्रथिने एक ते दोन टक्क्यांनी कमी ठेवली तरी चालतात. यॉर्कशायरचे खाद्य देशी डुकराला घालून ते यॉर्कशायरसारखे वाढत नाही, खर्च तेवढा वाढतो.

प्रश्न (हिंगणा, जि. नागपूर): हॉटेलचे खरकटे रोज मिळते. त्यावरच डुकरे पाळतो. वर काय आणि किती घालावे?

आधी उकळा, मग प्रथिनांचे बोलू. खरकट्यात डुकराच्या मांसाचे तुकडे आले तर आफ्रिकन स्वाइन फीव्हर आणि क्लासिकल स्वाइन फीव्हर दोन्ही घरात येऊ शकतात. आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात पहिल्यांदा २०२० मध्ये ईशान्येत नोंदला गेला. त्यावर औषध नाही. खरकटे उकळी आल्यापासून निदान ३० मिनिटे ढवळत उकळा, आणि कच्च्या खरकट्याची व उकळलेल्याची भांडी वेगळी ठेवा. डुकराच्या मांसाचे पदार्थ करणाऱ्या हॉटेलातून घेऊ नका.

खरकट्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. भात-पोळीचे ५ किलो खरकटे म्हणजे कोरडे सव्वा किलोही नाही, आणि त्यात प्रथिने सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर. ४० किलोच्या डुकराला रोज ३०० ग्रॅम प्रथिने लागतात. कमी पडणारी भरून काढायला प्रत्येक डुकरामागे ३५० ते ४०० ग्रॅम सोयाबीन पेंड रोज द्या. ७० किलोचे डुक्कर खरकटे जास्त खाते आणि त्याला प्रथिनांचे प्रमाण कमी लागते, म्हणून त्यालाही तेवढीच पेंड पुरते. सोबत ३० ग्रॅम खनिज मिश्रण. मीठ घालू नका, ते खरकट्यात आधीच जास्त असते. पाणी तुटले तर मिठाची विषबाधा होते: डुक्कर भिंतीला डोके टेकून उभे राहते, आंधळ्यासारखे फिरते, झटके येतात. त्या वेळी एकदम पोटभर पाणी पाजल्यास मेंदूला सूज येऊन जनावर दगावते. थोडे थोडे, वारंवार पाजा आणि पशुवैद्यकाला बोलवा.

पेंड खरकट्याच्या पातेल्यात ओतू नका, दांडगी डुकरे ती आधी फस्त करतात. सकाळी पेंड वेगळी, सगळ्यांची तोंडे एकाच वेळी लागतील एवढ्या लांब भांड्यात द्या, खरकटे नंतर.

प्रश्न (अलिबाग, जि. रायगड): सुकी मासळी स्वस्त मिळते. प्रथिनांसाठी तीच घातली तर?

मासळीतले लायसिन उत्तम, अडचण मीठ आणि वाळूची. खारवलेली मासळी नको. बिनमिठाची, स्वच्छ वाळवलेली मासळी वाढीच्या खाद्यात ५ टक्क्यांपर्यंत चालते. विक्रीआधी चार आठवडे पूर्ण बंद करा, नाहीतर चरबीला माशाचा वास येतो.

प्रश्न (राहाता, जि. अहिल्यानगर): गाभण मादीला प्रथिने वाढवली तर पिल्ले जास्त होतात का?

पिल्लांची संख्या त्याने वाढत नाही. गाभणपणाच्या ११४ दिवसांत १३–१४ टक्के प्रथिनांचे खाद्य रोज २ ते २.५ किलो, शेवटचे तीन आठवडे अर्धा किलो जास्त. मादीच्या अंगावर बघून कमी-जास्त करा, बोटाने दाबल्यावर कण्याची हाडे हाताला लागावीत, पण डोळ्यांना दिसू नयेत.

पैसे घालायचेच तर ते व्यायल्यानंतर घाला. दुधासाठी लागणारी प्रथिने खाद्यातून आली नाहीत तर मादी ती स्वतःच्या मांसातून काढते. पिल्ले काही दिवस चांगली दिसतात, मादी मात्र वाळत जाते, आणि दूध तोडल्यावर चार ते सात दिवसांत माजावर यायला हवी ती येत नाही. पुढच्या वेतात पिल्ले कमी होतात, आणि दोष नराला दिला जातो. दूध देणाऱ्या मादीला १६ ते १८ टक्के प्रथिने व ०.९ टक्के लायसिन असलेले खाद्य द्या: स्वतःसाठी २ किलो आणि प्रत्येक पिल्लामागे ४०० ग्रॅम. दहा पिल्ले असतील तर ६ किलो. उन्हाळ्यात ती एवढे खात नाही. तेव्हा पहाटे आणि रात्री खायला घाला, दुपारी मानेवर पाणी ठिबकू द्या.

प्रश्न (अकोट, जि. अकोला): सरकी पेंड स्वस्त आहे, आणि गाई-म्हशींसारखा डुकरांच्या खाद्यात थोडा युरिया घातला तर प्रथिने वाढतील का?

युरिया अजिबात नको. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू युरियातल्या नत्रापासून प्रथिने बनवतात. डुकराला ते पोट नाही. सरकी पेंडीत गॉसिपॉल असते, ते डुकराच्या हृदयाला आणि यकृताला घातक. शिवाय तिच्यातही लायसिन कमी. दोन्ही टाळा.

युरियाचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण पेंड विकत घेताना याचा संबंध येतो. युरियात ४६ टक्के नत्र असतो. १०० किलो पेंडीत १ किलो युरिया मिसळला की प्रयोगशाळेच्या अहवालात प्रथिने जवळपास अडीच टक्क्यांनी वाढलेली दिसतात, आणि डुकराला त्यातले काहीच मिळत नाही. भाव अविश्वसनीय वाटला किंवा पेंड झोंबणाऱ्या वासाची आली तर नमुना पाठवताना कच्च्या प्रथिनांसोबत युरिया, वाळू-सिलिका आणि ओलावा यांची तपासणी स्वतंत्रपणे मागा. नमुना एका पोत्याच्या तोंडातून घेऊ नका. दहा पोत्यांच्या मधल्या भागातून मूठ मूठ काढा, एका ताडपत्रीवर मिसळा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले पुन्हा मिसळा, आणि असे करत अर्धा किलो राहिला की तो कोरड्या प्लास्टिक पिशवीत बंद करून त्यावर तारीख, मालाचे नाव व खरेदीच्या पावतीचा क्रमांक लिहा. तेवढाच दुसरा नमुना स्वतःकडे ठेवा, आणि अहवाल येईपर्यंत ती पोती फोडू नका.